मनश्शे, एफ्राईम आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा

आजचं वाचन : उत्पत्ति ४१:५०–५७



मागच्या बुधवारी प्रार्थनासभा संपल्यावर सतरंज्या घड्या करता करता एका भगिनीने मला हळूच विचारलं, की ताई, माझा बाप्तिस्मा होऊन नऊ वर्षं झाली, प्रभूने मला नवं केलं असं मी साक्षीत उभी राहून सांगते, मग रात्री अजून मी दचकून उठते ती का? जुन्या गोष्टी अजून आठवतात, याचा अर्थ माझ्या विश्वासातच खोट आहे का? मी तिचा हात धरला, पण उत्तर काही देता आलं नाही. खरं सांगायचं तर तोच प्रश्न मी स्वतःला कितीतरी वर्षं विचारत होते. माझे वडील प्यायचे. भरलेलं ताट अंगणात भिरकावलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंकडे पिठाची वाटी मागायला मला पाठवायचे, कारण मी सगळ्यांत लहान. लहान पोराला कोणी नाही म्हणत नाही. आज माझ्या घरात पिठाचा डबा भरलेला असतो, तरी रिकामी वाटी हातात घेऊन दारात उभं राहिलेलं कोणी पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

त्यामुळे आजच्या वाचनातल्या योसेफाकडे मी नेहमीच जरा संशयाने बघत आले. दुष्काळाची वर्षं यायच्या आधी त्याला मिसर देशात दोन मुलगे झाले. थोरल्याचं नाव त्याने मनश्शे ठेवलं, कारण देवाने आपल्याला सगळे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं असं तो म्हणाला. धाकट्याचं एफ्राईम, कारण ज्या देशात दुःख भोगलं त्याच देशात देवाने आपल्याला फलद्रूप केलं. उपदेशात आपण हे ऐकतो आणि आमेन म्हणून पुढे जातो. पण मला वाटायचं, जो माणूस खरंच विसरला तो मुलाचं नाव विसरणं असं कशाला ठेवील? रोज जेवायला हाक मारायची म्हटलं तरी सगळं पुन्हा आठवणार!

या प्रश्नावर मला थोडं उत्तर मिळालं ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रात. त्यांचं नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे. पण मुक्ती मिशनच्या संस्थापिका, विदुषी, समाजसुधारक या मोठ्या शब्दांच्या मागे एक सोळा वर्षांची भुकेली मुलगी आहे. आज तिच्याबद्दल लिहिते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. पेशव्यांच्या घरातल्या एका स्त्रीला संस्कृत शिकवलं जाताना त्यांनी तरुणपणी पुण्यात पाहिलं होतं, आणि तेव्हाच आपल्या घरातल्या बायकांना शिकवायचं असं मनाशी धरलं. लोकांनी विरोध केला म्हणून गाव सोडून रानात जाऊन राहिले, पण बायकोला, लक्ष्मीबाईंना, शिकवलंच. आणि त्या लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून रमाला शिकवलं. पुढे भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला तोंडपाठ होते. मुलीला लिहितावाचता येणं हे पाप समजलं जायचं त्या काळातली ही गोष्ट. असे आईबाप कोणाला लाभतील? हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे साक्ष सांगताना कधी कधी आधीचं सगळंच आयुष्य काळं रंगवायची सवय आहे. रमाबाईंनी तसं केलं नाही. आईबापांबद्दल त्या शेवटपर्यंत प्रेमाने आणि आदरानेच बोलल्या.

पण कर्ज वाढलं, रानातलं घर सुटलं. रमा काही महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटीत घालून डोंगराखाली आणलं, आणि तिथून पुढे सगळं कुटुंब या तीर्थावरून त्या तीर्थावर. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर राहायचं, त्यातलंही दानधर्मात घालवायचं. दुसरा कुठला धंदा मुलांना शिकवायचा नाही, कारण धर्म सुटेल.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १८७० नंतरची ती वर्षं. पैसा संपला, दागिने गेले, भांडी गेली. कुटुंबाने अनुष्ठानं केली, देवांसमोर उपास केले, शेवटचे पैसेही पुण्यापायी वाटून टाकले. नंतर रानातला पाला खाल्ला. वडील म्हातारे, डोळे जवळजवळ गेलेले. भिक्षा मागण्यापेक्षा तीर्थाच्या पाण्यात देह सोडावा असं त्यांनी ठरवलं, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन. ब्राह्मणाच्या पंडित मुलाने मजुरी करायची म्हणजे त्या घराला केवढं होतं ते आज आपल्याला कळायचं नाही. पण वडील वाचले नाहीतच. जाण्याआधी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि देवाची सेवा करत राहा असं सांगितलं. कुठल्या देवाची, ते त्या दिवशी ना त्यांना माहीत होतं ना तिला.

थोड्याच काळात आई अंथरुणाला खिळली. तापात बरळायची ती खाण्याच्या पदार्थांबद्दलच. तिला भाकरी हवी होती. रमा शेजारच्या एका घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. दारात उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटेना. अठरा हजार श्लोक ज्या जिभेवर, त्या जिभेला भाकरी हा शब्द म्हणता येईना. तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच त्या बाईने ओळखलं आणि तुकडा दिला. तो घेऊन ती धावत आईकडे आली. आईला तो गिळता आला नाही. काही दिवसांत आई गेली.

तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, आणि चौथ्या खांद्याला रमा. ती उंचीला कमी पडत होती, म्हणून तिने आईची तिरडी खांद्यावर न घेता डोक्यावर घेतली. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. का ते तुम्हाला कळलं असेल.

उरले बहीणभाऊ. हजारो मैल पायी चालले, पार काश्मीरपर्यंत. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून त्यात निजले आणि अंगावर वाळू ओढून घेतली. या चालण्यातच लहानपणापासूनचा विश्वास गळून पडला. एवढं केलं आणि देवाने ऐकलं नाही, असं दोघांना वाटलं. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. (इथून पुढे मीही त्यांना अहो-जाहो करते.) सभा भरायच्या, टाळ्या पडायच्या. तिथेच कोणीतरी संस्कृत बायबल हातात दिलं, पण त्यातलं काही मनाला भिडलं नाही. आपल्यातल्या घाईच्या सुवार्तिकांनी हे लक्षात ठेवावं, असं मला आपलं वाटतं.

१८८० च्या मे महिन्यात ढाक्याला श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. दोघं आसामात सिलचरला राहिली. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं, आणि या वेळी ते मनाला लागलं. नवऱ्याला ते रुचलं नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. संसार दोन वर्षंही पुरता झाला नाही. वय तेवीस. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळे आठ-नऊ वर्षांत गेलेले, आणि मांडीवर मूल.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात उतरल्या. तिथे राहूनही जेवण शाकाहारी ठेवलं, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, म्हणून वाद घातला! धर्माच्या प्रश्नांवर त्या सिस्टर मंडळींशी पत्रांतून वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. कोणाच्या दबावाने नमणारी ती बाई नव्हती.

त्यांना नमवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. लंडनजवळ फुलम इथे, समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी सिस्टर मंडळी एक घर चालवत. रमाबाई ते पाहायला गेल्या. ज्या बायकांना आपल्याकडे उंबऱ्यातही उभं केलं नसतं त्यांना इथे जवळ करतात, त्या पुन्हा उभ्या राहतात आणि दुसऱ्या आजाऱ्यांची सेवा करतात, हे पाहून त्यांनी विचारलं की तुम्ही हे का करता? तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरची शोमरोनी बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा प्रभू. पाणी मागणारा! ज्याच्या हाती सगळं आहे तो एका बदनाम बाईच्या दारात, म्हणजे विहिरीवर, मागणारा होऊन बसला. सोळाव्या वर्षी दारात मुकी उभी राहिलेल्या रमाबाईंना ते वाचताना काय वाटलं असेल, हे मी माझ्या मनाने योजते. त्यांनी तसं लिहिलेलं नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता माझ्या त्या भगिनीने विशेष लक्ष देऊन वाचावं असा भाग आला. बाप्तिस्म्याने रमाबाईंचं सगळं एकदम सुरळीत झालं नाही. आपल्याला काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटत राहिलं. सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपण ख्रिस्ती धर्म घेतला पण ख्रिस्ताला स्वतःला धरलं नाही, आणि तेव्हा कुठे त्यांना शांती लाभली. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून पैसा उभा केला, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. (तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं.) हे सगळं चाललं असताना आत मात्र ती पोकळी होतीच.

१८९३ मध्ये मुली प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गहजब झाला. केसरीने टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, दोन्ही बाजूंनी, म्हणून मी इथे थांबत नाही.

कारण मला पोचायचंय ते १८९६ ला. त्या साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात येत होत्या. शारदा सदनात पन्नासएक मुलींचा खर्च भागवणंच अवघड, आणखी तोंडं कुठून पोसायची? शहाण्या माणसाने वर्तमानपत्र मिटवून ठेवलं असतं. पण दुष्काळ हा शब्द रमाबाईंना वर्तमानपत्रातला राहिला नव्हता. रानात पाला खाणारी मुलगी काय विचार करते, आईबाप मेल्यावर तिच्यावर कोणाची नजर पडते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या स्वतः गेल्या. सरकारी छावण्या आणि अन्नछत्रं पाहिली, तरुण मुलींना फूस लावून नेणारी माणसं तिथे घिरट्या घालताना पाहिली, आणि मुली गोळा करून आणायला सुरुवात केली. सुमारे तीनशे आणल्या.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ. या नव्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी नाही. म्हणून त्यांना केडगावला नेलं. तिथे रमाबाईंनी आधी जमीन घेऊन फळबाग लावली होती. उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या, पाण्यासाठी विहिरी खणायच्या. असं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुली शेती करत, विणत, तेलाचा घाणा चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. आंधळ्यांना ब्रेल शिकवत. फुलमला पाहिलं तसंच, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं.

आणि एक गोष्ट. १८९७ मध्ये या दुष्काळाबद्दल लिहिताना रमाबाईंनी आपल्या घरचा दुष्काळही लिहिला. बापाचं मरण, आईचं बरळणं, भाकरीचा तुकडा, डोक्यावरची तिरडी. वीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता, तारणाचा अनुभव आला होता, जगभर नाव झालं होतं. तरी भाकरी मागताना आवाज फुटला नाही, हे त्या विसरल्या नव्हत्या. विसरल्या असत्या तर त्या तीनशे मुली कुठे गेल्या असत्या?

आजच्या वाचनातली शेवटची वचनं पुन्हा पाहा. मनश्शे आणि एफ्राईम यांच्या नावांनंतर लगेच काय येतं? दुष्काळ. सगळ्या देशांतून लोक धान्यासाठी योसेफाकडे येतात आणि तो कोठारं उघडतो. मला आता वाटतं की मनश्शे या नावाचा अर्थ आठवण पुसली असा नसावा. आठवणीचा फास सुटला, एवढाच असावा. योसेफाच्या गळ्यातला फास सुटला, म्हणून कोठाराच्या किल्ल्या धरायला त्याचे हात मोकळे होते. एखाद्या पंडिताने मला दुरुस्त केलं तर मी ऐकून घेईन, पण माझ्यापुरतं हे उत्तर मला पुरलं आहे.

शेवटची वर्षं रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. ज्या मुलींना जड संस्कृत शब्द कळत नाहीत त्यांना कळावं म्हणून. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द वेचून वेचून काढले! कानाने ऐकू येईनासं झालं होतं, तरी काम चालू होतं. आणि १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. जिच्या हाती मुक्ती सदन सोपवायचं होतं ती एकुलती एक लेक. म्हणजे विश्वासात अडतीस वर्षं चालल्यावरही दुःख दार वाजवायचं थांबलं नाही. रमाबाई कामावर परतल्या. भाषांतर पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ ला, झोपेत, त्या प्रभूकडे गेल्या.

काही वर्षांपूर्वी महिला मंडळाबरोबर मी केडगावला गेले होते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने गेलो. दुपारी झाडाखाली बसून डबे उघडले. माझ्याकडे बाजरीची भाकरी आणि ठेचा होता, काही ठरवून आणला नव्हता, हिवाळा होता म्हणून. समोर एक लहान मुलगी येऊन उभी राहिली, बोलेना, नुसती बघत राहिली. मी अर्धी भाकरी मोडून तिच्या हातात दिली. ती तिथेच बसून खाऊ लागली, आणि पहिल्यांदाच माझ्या पोटात गोळा आला नाही.

त्या भगिनीला मी उद्या फोन करणार आहे. सोबत बसून वाचायचं ठरवलंय.

उद्याचं वाचन : उत्पत्ति ४२. चोविसावं वचन सावकाश वाचा. योसेफ भावांपासून बाजूला जाऊन काय करतो ते पाहा.